मुद्देमाल बुडवण्याची परवानगी

नागपूरहून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र लागायला फार वेळ लागतो. त्यामुळे आमच्या कोर्टात कधी जहाजाचा खटला येईल, अशी अपेक्षा कोणी बाळगून नव्हतं. अपवाद एकच, माझे सीनियर.

त्यांच्या या आशेला एक कारण होतं. सत्तेचाळीस साली इंग्रज अधिकारी घरसामान विकून निघाले, तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यावर लिलाव झाला. सीनियर तिथं आरामखुर्ची घ्यायला गेले होते. खुर्ची एका डॉक्टरानं नेली. रिकाम्या हाती परत यायचं नाही म्हणून त्यांनी पुस्तकांची एक बंद पेटी घेतली. पेटीत एक घोड्यांच्या आजारांवरचं पुस्तक निघालं, एक केक करण्याचं, आणि दोन जाड खंड निघाले. तीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या व्यापारी जहाजांचे खटले त्यांत होते. घोडा आणि केक यांच्याशी सीनियरचं देणंघेणं नव्हतं. पण ते दोन खंड त्यांनी कपाटात मधोमध लावले आणि आठ वर्षं जहाजाची वाट पाहिली.

मी तेव्हा नुकताच सनद घेऊन त्यांच्या हाताखाली लागलो होतो. हाताखाली म्हणजे अक्षरशः. त्यांचे दोन्ही हात मोकळे असत आणि पुस्तकं माझ्या हातात.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर एक माणूस आमच्या ओसरीवर आला आणि दारातच उकिडवा बसला. काळा, किडकिडीत, साठीच्या घरातला. खांदे मात्र दुसऱ्या कोणाचे तरी आणून बसवल्यासारखे रुंद.

"माहा डोंगा धरून नेला जी पोलिसानं," तो म्हणाला.

"डोंगा म्हणजे?" सीनियरनी विचारलं. ते पुण्याहून आलेले होते. तीस वर्षं नागपुरात काढूनही इथले काही शब्द ते चिमट्यानं उचलत.

"नाव जी. लाकडाची. कन्हानवर चालवतो मी. घाट हाये माह्याकडं."

सीनियरनी चहाची बशी खाली ठेवली.

"म्हणजे जहाज," ते म्हणाले.

"नाही जी, डोंगा."

"तेच ते."

नावाड्यानं माझ्याकडं पाहिलं. मी कपाटाकडं पाहिलं. सीनियर आधीच उठून तिथं पोचले होते.

हकिगत अशी होती. आदल्या आश्विनात इतवारीतले एक मिरचीचे व्यापारी भिवापुरी मिरचीच्या सहा गोण्या घेऊन कन्हानच्या पलीकडच्या आठवडी बाजाराला निघाले. पूल लांब पडतो म्हणून त्यांनी या घाटावर नाव केली. नदीच्या मध्यावर नावेत पाणी आलं. गोण्या भिजल्या, शेटजी कमरेपर्यंत भिजले, बाजार हुकला. नाव बुडाली नाही, माणूस दगावलं नाही. पण शेटजींनी फिर्याद दिली की नाव कुजकी आहे आणि नावाडी लोकांच्या जिवाशी खेळतो. असल्या नावेतून भाड्यानं माणसं नेणाऱ्यासाठी दंडविधानात एक कलम आहे. नागपुरात ते उघडायचं काम पडत नसल्यामुळे त्या पानावर कोणाचाही अंगठा उमटलेला नव्हता.

सगळा वाद एका गोष्टीपाशी येऊन थांबत होता. पाणी खालून आलं की वरून? शेटजी म्हणत, फळ्यांच्या फटींतून खालून आलं. नावाडी म्हणे, "शेटजी मंधातच उभे झाले जी. डोंगा कलला, काठावरून पाणी आलं." शेटजी शपथेवर सांगत की आपण जागचे हललो नाही.

आणि नावाड्याचं पणाला लागलं होतं ते एवढंच: नाव कुजकी ठरली तर घाटाचा परवाना जाणार आणि नाव फोडून टाकणार. ती त्याच्या बापानं सागवानाची केलेली होती. दुसरी त्याच्याकडं नव्हती, आणि दुसरं काम त्याला येत नव्हतं. सहा महिन्यांपूर्वीच्या त्या पाण्याबद्दल बोलताना तो चिडत नसे. "फोडतीन" हा शब्द आला की मात्र तो जमिनीवर बोटानं रेघा ओढी.

*

नाव पुरावा होती. पुरावा कोर्टात हजर करावा लागतो. पोलिसांनी ती दोन बैलगाड्या एकामागे एक बांधून कन्हानहून आणली. गावागावांतून लोक रस्त्याला येऊन पाहत होते, असं गाडीवान सांगे. एका म्हातारीनं तर नारळ फोडला. कशाला, ते तिलाही माहीत नव्हतं.

मुद्देमालाच्या खोलीत चाकू, लाठ्या, एक खिडकीचा गज आणि चोरीच्या सायकली असत. तिथल्या नाझरनं दाराची रुंदी मोजली, नावेची मोजली आणि वल्ही तेवढी आत घेतली. नाव आवारातल्या निंबाखाली राहिली. तिच्या नाकाडावर तेलरंगानं मोठ्या अक्षरांत "मुद्देमाल" आणि खाली नंबर लिहिला गेला. कायद्याप्रमाणे लाखेचं सीलही लावायला हवं होतं. ते दोरीला लावून दोरी निंबाला बांधली, म्हणजे नाव पळून जायला नको.

आठ दिवसांत अर्जनवीस नावेत बसायला लागला. त्याची मूळ जागा निंबाखालचीच होती, नाव त्याच्या जागेवर आली होती. तो म्हणे, अतिक्रमण तिनं केलंय, मी नाही. आडव्या फळीवर दौत-टाक ठेवून तो अर्ज लिही आणि पक्षकार काठावर कोपर टेकून उभे राहत. दुपारी कारकून डबे घेऊन येत आणि नावेत समोरासमोर बसून जेवत. वाटणीच्या भांडणातले दोन भाऊ नावेत बसून समेटाच्या गोष्टी करू लागले, ही बातमी तर बाररूमपर्यंत गेली.

नावाडी दर दोन दिवसांनी चालत येई. जेवणाऱ्यांचं त्याला काही वाटत नसे. तो फक्त नावेच्या बाजूंवरून हात फिरवी आणि आभाळाकडं पाही. पहिल्या दिवशी त्यानं आवारातल्या नळावरून डबडं भरून आणलं आणि नावेवर ओतलं. नाझर धावत आला.

"काय करून राहिला बे? पुरावा हाये तो!"

"पाणी देऊन राहिलो जी. वाळून जाईन ते."

"झाड हाये का? पुराव्याले पाणी नाही देता येत. ढवळाढवळ होते."

"मंग फुटंन जी."

"फुटू दे. सरकारी जागेत फुटंन."

पहाऱ्यावर एक वयस्क शिपाई असे. साहेब लोक घरी गेले की तो आपल्या मडक्यातलं उरलेलं पाणी नावेत टाकी, आणि विचारलं तर म्हणे, शिळं होतं, कुठंतरी फेकायचंच होतं. पण नागपूरच्या चैत्रवैशाखात एका मडक्यानं काय होतं? फळ्या आक्रसत गेल्या. आधी पोस्टकार्ड आत जाई, मग अर्जनविसाचा टाक जाऊ लागला. सुनावणीच्या आठवड्यात तर एका फटीतून मला पलीकडचा निंब अख्खा दिसला.

त्या दिवसांत सीनियर खंडांत बुडालेले होते. मला खुणा करायला सांगितल्या म्हणून मीही ते वाचले, आणि कबूल करतो, मला मजा आली. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या जहाजांवरून दारूची पिपं आणि लोकर जाई. वाटेत पाणी शिरे, माल नासे, मग बंदरावरच्या कोर्टात खलाशांच्या साक्षी होत. ज्याची नोकरी अजून त्या जहाजावर होती तो सांगे, जहाज म्हणजे मडकं, थेंब शिरायचा नाही. ज्याला काढून टाकलं होतं तो सांगे, जहाज म्हणजे चाळणी. दोघांनी एकाच पुस्तकावर हात ठेवून शपथ घेतलेली. सुतार येत, दोरखंडवाले येत, आणि ज्यांनी जहाज फक्त लांबून पाहिलं होतं ते सर्वांत खात्रीनं बोलत. माणसांनी टोप्या तेवढ्या बदलल्या, असं माझं मत झालं.

"साहेब, एक सुचतं," मी सीनियरना म्हणालो. "या सगळ्यांना कोणी एक प्रश्न विचारत नाही. त्याच जहाजात उद्या परत चढाल का?"

"हा कायद्याचा प्रश्न नव्हे," सीनियर म्हणाले.

*

सरकारी वकिलांचा पहिला साक्षीदार तज्ज्ञ होता. नागपुरात नावेचा तज्ज्ञ मिळेना, म्हणून इतवारीतला पलंग करणारा सुतार आणला होता. त्यानं शपथ घेतली, आवारात जाऊन फटीत बोट घातलं आणि परत येऊन सांगितलं की बोट जातं.

सीनियर उलटतपासाला उठले. मी खंड उघडून धरला.

"तुम्ही आजवर किती जहाजांची तपासणी केली आहे?"

"एकबी नाही जी."

"डोलकाठी कशाला म्हणतात?"

"आमच्या पलंगाले छत्रीची काठी असते, तशी असंन."

"नांगर?"

"नांगर शेतात असते साहेब."

"सुकाणू?"

सुतारानं मॅजिस्ट्रेटांकडं पाहिलं. मॅजिस्ट्रेट हा बारीक, दमेकरी, कमी बोलणारा माणूस. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "या नावेला डोलकाठी आहे का?"

"नाही, महाराज," सीनियर म्हणाले.

"सुकाणू?"

"वल्ही आहेत, महाराज."

"नांगर?"

"दगड आहे. दोरीला बांधलेला."

"मग साक्षीदाराला पलंगाचंच विचारा. नाव पलंगालाच जवळची दिसते."

तरीही सीनियरनी पाऊण तास वाचलं. वाऱ्याच्या दिशा झाल्या, खाऱ्या पाण्याचे लाकडावरचे परिणाम झाले. चपराशी झोपला. शेटजी झोपले नाहीत, कारण शेटजींना कोणाचं काम पाहत स्वस्थ बसता येत नसे. गोल, गोरा, घामेजलेला माणूस, दर दोन मिनिटांनी बाकावरून उठून ते कोणाला तरी काहीतरी शिकवत. टंकलेखकाला म्हणाले, "बोटं सपाट ठेव, बाबू." पंखा पुसणाऱ्याला म्हणाले, "उलट्या बाजूनं पुस." खुद्द सरकारी वकिलांचा कागद त्यांनी सरळ करून दिला. मॅजिस्ट्रेटांनी तीनदा "बसा" म्हटलं. तीनदा ते बसले आणि तीनदा पुन्हा उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांची साक्ष झाली. भिजलेल्या सहांपैकी एक गोणी पुराव्याला ठेवली होती. ती आणून मॅजिस्ट्रेटांच्या मेजासमोर ठेवली गेली. पाण्याचा डाग गोणीच्या एका टोकाला होता.

"पाहा साहेब," शेटजी म्हणाले, "खालून भिजली."

"ते खालचं टोक कशावरून?" सीनियरनी विचारलं. हा त्या खटल्यातला त्यांचा सर्वांत चांगला प्रश्न होता आणि तो खंडातला नव्हता.

शेटजींनी गोणी उलटी केली. डाग वर गेला. त्यांनी ती परत फिरवली. डाग खाली आला. नावेत गोणी कशी ठेवली होती, हे सांगायला आता गोणीशिवाय कोणी साक्षीदार नव्हता. "तोंड वर असते साहेब गोणीचं," असं म्हणून ते तोंड दाखवायला गेले. सहा महिने मुद्देमालाच्या खोलीत उंदरांनी सुतळी खाल्लेली होती. तोंड सुटलं, आणि वर पंखा चालू होता.

भिवापुरी मिरची काय चीज आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. पहिली शिंक सरकारी वकिलांची. मग टंकलेखक, मग चपराशी जागा झाला आणि शिंकतच जागा झाला. सीनियर "महाराज, माझं निवेदन..." एवढं म्हणून खंडात तोंड घालून बसले. दमेकरी मॅजिस्ट्रेट दाराबाहेर पोचले तेव्हा त्यांचा एक जोडा आतच होता. सगळं कोर्ट आवारात येऊन डोळे पुसत उभं राहिलं. फक्त अर्जनवीस नावेत बसून शांतपणे लिहीत होता. त्यानं विचारलं, "निकाल लागला काय?"

"पंखा आधी बंद करायले पाह्यजे होता," शेटजी सर्वांना सांगत होते. "मी सांगनारच होतो."

*

तिसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटांनी आरोपीला स्वतः प्रश्न विचारले. आम्ही नावाड्याला नीट पढवलं होतं. विचारलं तेवढंच सांगायचं, खरं सांगायचं, आणि "डोंगा" म्हणायचं नाही.

"ही नाव तू किती वर्षं चालवतोस?"

"बाप मेला तवापासून जी. तीस वर्सं झाले असतीन."

"या तीस वर्षांत ती कधी बुडाली होती का?"

"हो जी," नावाडी म्हणाला. "दरवर्सी."

टंकलेखकाची बोटं थांबली. मी सीनियरकडं पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती.

"दरवर्षी बुडते?"

"बुडते नाही जी. मी बुडवतो."

"तू स्वतः?"

"मंग कोन बुडवंन जी? दुसऱ्याच्या हातानं कशी बुडवू देऊ?"

सरकारी वकील इतक्या आनंदात उठले की त्यांची खुर्ची मागं पडली. "महाराज, आरोपीनं कबुलीजबाब दिलाय. तो नाव बुडवतो, स्वतः, दरवर्षी. यापुढं मला पुरावा द्यायचा नाही."

"लिहून घ्या," मॅजिस्ट्रेट म्हणाले, आणि ते लिहिलं गेलं. सीनियरनी खंड मिटला. आठ वर्षं वाट पाहून आलेलं जहाज त्यांच्याच पक्षकारानं त्यांच्या डोळ्यांदेखत बुडवलं होतं. नावाडी मात्र समाधानानं उभा होता. खरं सांगायला सांगितलं होतं, त्यानं खरं सांगितलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला निंबाखाली धरलं.

"असं कसं बोललात बाबा? नाव बुडवतो म्हणून कोणी सांगतं का?"

"काहून? चोरी हाये का ते?" तो माझ्याकडं पाहत राहिला. लहान मुलाला अंघोळ म्हणजे काय ते समजावून सांगायची वेळ यावी, तसा त्याचा चेहरा झाला. "उन्हाळ्यात पानी उतरलं की घाटाचं काम बंद ऱ्हायते. डोंगा काठावर ठेवला तं वाळते न जी, फळ्या सुटतेत. म्हनून दगडं भरतो अन् डोहात बुडवून ठेवतो. लाकूड पानी पिते, फुगते, फटी मिटतेत. मिरगाच्या आधी काढला की थेंब नाही येत. माहा बाप बी तसंच करे. सारेच करतेत. बुडवला नाही तं तरंगंन कसा?"

मग त्यानं नावेच्या फटीत बोट घातलं, त्या सुतारानं घातलं होतं तसंच. "हे फट कन्हानची नाही जी. हे तुमच्या कोर्टाची हाये."

सीनियर बाररूममध्ये डोक्याला ओला रुमाल लावून पडले होते. मी अर्जनविसाकडून कागद घेतला आणि त्याच्याच शेजारी, नावेत बसून, माझ्या वकिलीतला पहिला स्वतंत्र अर्ज लिहिला. विषय: मुद्देमाल बुडवण्याची परवानगी मिळणेबाबत. अर्जनवीस वाकून वाचत होता. म्हणाला, "चाळीस वर्सं अर्ज लिहून राहिलो, असा नाही पाह्यला." आणि शाईचे पैसे घेतले नाहीत.

मॅजिस्ट्रेटांनी अर्ज दोनदा वाचला. सरकारी वकिलांनी हरकत घेतली की पुरावा नष्ट होईल.

"बुडवल्यानं नष्ट झाली," मॅजिस्ट्रेट म्हणाले, "तर ती कुजकी होती हे सिद्ध होईल. तुम्हाला हरकत काय?"

हरकत उरली नाही.

*

नाव पुन्हा बैलगाड्यांवर चढली आणि फुटाळा तलावावर गेली. अर्जनविसानं तिला निरोप दिला आणि आपली जुनी सतरंजी निंबाखाली पसरली. नाझरच्या देखत नावाड्यानं नावेत दगड रचले. एकेक दगड तो अशा हातानं ठेवत होता, जसं कोणी झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं. नाव हळूहळू खाली गेली. लाखेचं सील लावलेली दोरी तेवढी काठावर एका खुंटीला बांधून ठेवली. पहाऱ्याला तोच वयस्क शिपाई. त्याच्या नोंदवहीतलं एक वाक्य मी स्वतः वाचलं आहे: मुद्देमाल दिसत नाही, पण आहे.

सहा दिवस नाव पाण्याखाली होती. सहाही दिवस नावाडी काठावर बसून होता. मी एकदा त्याच्यासाठी भाकरी घेऊन गेलो. तो भाकरी न खाता पाण्याकडं बघत म्हणाला, "दोन मयने वाळला जी. एवढा कधी वाळला नव्हता. नाही मिटल्या फटी तं?" शिपायानं परस्पर उत्तर देऊन टाकलं: "मिटंन गा. म्या बी पानी पाजलं हाये त्याले."

सातव्या दिवशी सकाळी सगळं कोर्ट तलावावर हजर झालं. बातमी फुटलेली होती, म्हणून चणेवालेही हजर होते. नावाडी पाण्यात उतरला, दगड काढले, नाव वर आली. पाणी उपसून तो बाजूला झाला आणि मॅजिस्ट्रेटांनी वाकून पाहिलं. ज्या फटीतून मला निंब दिसला होता, तिथं आता नखही शिरत नव्हतं. सुतारानं बोट घालून पाहिलं. बोट गेलं नाही. त्यानं शपथ नसताना सांगितलं, "पलंगाले असं नाही होत जी."

मॅजिस्ट्रेटांनी त्या दिवसासारखाच भार ठेवायला सांगितला. हातगाडीवरून वाळूच्या सहा गोण्या आल्या, त्या नावेत चढल्या. मग ते म्हणाले, "आता माणसं. वकीलसाहेब, या. तुमच्या पक्षकाराची नाव आहे."

सीनियर काठापासून दहा हात लांब उभे होते. ते आणखी दोन हात मागं सरले.

"महाराज, मी काठावरून युक्तिवाद करीन."

"नाव सुरक्षित आहे असं तुम्ही तीन दिवस सांगत होतात."

"कायद्याच्या दृष्टीनं, महाराज."

त्यांनी मला पुढं केलं. जाताजाता दोन्ही खंडही माझ्याकडं दिले. ते मी नावेत मॅजिस्ट्रेटांच्या बाकावर ठेवले. बाक ओलसर होता, मॅजिस्ट्रेट खंडांवर बसले. एवढ्या प्रवासानंतर त्या पुस्तकांचा कोणाला तरी उपयोग झाला.

आणि शेटजी? नाव कुजकी आहे, जीवघेणी आहे, असं शपथेवर सांगणारे शेटजी कोणी बोलावण्याआधीच जोडे काढून हातात घेऊन नावेत चढले होते. धोतराचा सोगा वर खोचून पुढच्या फळीवर, आपल्या नेहमीच्या जागी, मांडी घालून बसले होते. त्याच जहाजात परत चढाल का, हा माझा जुना प्रश्न मी विचारणार होतो, पण मॅजिस्ट्रेट शेटजींच्या हातातल्या जोड्यांकडं आधीच पाहत होते.

सरकारी वकील चढले, मी चढलो, नावाड्यानं वल्हं मारलं. शेटजी दोन मिनिटं गप्प होते. तो त्यांचा उच्चांक असावा.

"डावीकडून घे," ते म्हणाले.

"बराबर हाये जी," नावाडी म्हणाला.

"अरे, डावीकडून. तिकडं शेवाळ हाये."

"दिसते जी मले."

आम्ही मध्यावर आलो. नावेत थेंब नव्हता. काठावर हातगाडीवाला आपली गाडी वळवत होता. गाडीचं चाक उताराला लागलं, आणि कोणाचं काम चुकताना पाहणं शेटजींना कधीच सोसलं नव्हतं.

"अबे, उलटी घे! उलटी!" शेटजी ओरडले, आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले.

"बसा जी खाली!" नावाडी जिवाच्या आकांतानं ओरडला. "शेटजी, बसा न बाप्पा!"

नाव कलली. फुटाळ्याचं पाणी मोठ्या सावकाशीनं काठावरून आत आलं, दोन गोण्या भिजवून, सरकारी वकिलांच्या मांडीवरून, मॅजिस्ट्रेटांच्या जोड्यांत शिरलं. नावाड्यानं सगळं अंग दुसऱ्या बाजूला टाकलं. नाव सरळ झाली. शेटजी बसले.

शेटजींनी आपल्या हातांकडं पाहिलं, मग गोण्यांकडं, मग कोणाकडंच नाही.

मॅजिस्ट्रेटांनी एक जोडा काढून पाणी तळ्यात ओतलं. मग मला म्हणाले, "टंकलेखक काठावर राहिलाय. तुम्ही लिहा. पाणी वरून आलं."

मी गुडघ्यावर लिहिलं.

सरकारी वकील ओलेचिंब असूनही धीराचे होते. "महाराज, भार जास्त होता असंही कलमात बसतं."

"भार जास्त नव्हता," मॅजिस्ट्रेट दुसरा जोडा काढत म्हणाले. "उभा होता."

नावाडी वल्हं धरून होता. त्याला कळलं होतं की नाही, सांगता येत नाही, कारण त्यानं पाठ आमच्याकडं केली होती. पण ते रुंद खांदे हलत होते, आणि वल्हं मात्र कितीतरी वेळ एकाच जागी पाण्यात होतं.

काठाला लागल्यावर शेटजींनी त्याला उतरायला हात मागितला. त्यानं दिला. "पावसाळ्यात येतो गा," शेटजी पुटपुटले. "पूल लई लांब पडते." नावाडी म्हणाला, "या न जी. पन बसून."

*

नावाडी सुटला, घाटाचा परवाना राहिला, आणि नाव तिसऱ्यांदा बैलगाड्यांवर चढून कन्हानला परत गेली. सीनियरनी खंड उन्हात वाळवले. मॅजिस्ट्रेटांच्या बसण्यानं वरच्या खंडाला कायमचा खळगा पडला. पुढं कोणी त्याचं कारण विचारलं की ते म्हणत, हा एका गाजलेल्या नौका-खटल्याचा परिणाम आहे. ते खोटं नव्हतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी कामासाठी पलीकडच्या गावाला निघालो आणि पुलाकडं न जाता मुद्दाम घाटावर गेलो. नाव डोहातून येत होती. नाकाडावर तेलरंगातलं "मुद्देमाल" तसंच होतं, नंबरासकट, आणि दोरीला लाखेचा एक तुकडा अजून चिकटलेला होता.

"हे काढलं नाही का अजून?" मी विचारलं. "परत देताना पुसायला सांगितलं होतं."

"काहून पुसू जी?" नावाडी म्हणाला. "लोक इचारतेत, हे काय लिवलं हाये. मी सांगतो, कोर्टानं पास केला डोंगा, नंबर देल्ला. पलीकडच्या घाटावरचे बी माह्याकडंच येतेत आता."

मी चढलो. नावेत दोन बाया, एक शेळी आणि भोपळ्यांची पाटी होती. शेळी उभी होती, तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. मध्यावर आल्यावर मला पाण्यात काहीतरी चमकल्यासारखं दिसलं आणि मी जरासा उचललो गेलो.

"बसा जी वकीलसाहेब," नावाडी मागं न पाहता म्हणाला. "तुमीच तं लिवलं होतं, पानी वरून आलं म्हनून."